हेअर की रॅबिट? उत्खननातली सशाची कवटी ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्खननातून आलेली प्राण्यांची हाडे धुऊन, वाळवून, ओळखून नोंदवणे हे माझे रोजचे काम. शिकले पुण्यात, पण गेली बरीच वर्षे इंग्लंडमधल्या हाडांवर काम करते. पुरातत्त्व शिकणारी मराठी मुले-मुली मला सशाबद्दल जितके प्रश्न विचारतात, तितके गाय-बैल किंवा शेळी-मेंढीबद्दलही विचारत नाहीत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः ब्रिटनची आहेत, कारण हेअर आणि रॅबिट एकाच पेटीत हाती येण्याचा प्रसंग तिथेच वारंवार येतो. महाराष्ट्रातल्या उत्खननाचा प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

मराठीत दोघेही 'ससा'च. मग एवढा भेद करायचा कशाला?

मराठीला दुसऱ्या शब्दाची गरज पडली नाही, कारण आपल्या रानात रॅबिट नाहीच. माळावर, ज्वारीच्या बांधावर पायाशी अचानक उधळतो तो लेपस नायग्रिकोलिस, म्हणजे मानेमागे काळा डाग असलेला हेअर. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी अंगापुरती जागा दाबून बसतो आणि जिवावर बेतले की पळत सुटतो. 'ससेहोलपट' हा शब्द ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, त्याने हेअरच पाहिला असणार. आत शिरायला बीळ असते तर त्या जिवाची अशी होलपट झालीच नसती.

पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मात्र रॅबिट. त्याचे नाव ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस, मूळ घर स्पेन-पोर्तुगाल आणि लगतचा दक्षिण फ्रान्स. जगातल्या सगळ्या पाळीव सशांच्या जाती या एकाच प्राण्यापासून झाल्या. त्याची पिल्ले बिळात जन्मतात, आंधळी आणि उघडी. हेअरचे पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेले.

हाडांच्या कामात हा भेद फार मोलाचा आहे. हेअर सापडला तर शिकार, मोकळी माळराने, क्वचित धार्मिक विधी यांचा विचार करावा लागतो. रॅबिट सापडला तर कोणी आणला, कोणी पाळला, कोणत्या श्रीमंताच्या ताटात गेला, हे प्रश्न येतात. शिवाय तो खणणारा प्राणी असल्याने मुळात त्या थरातलाच आहे का, हेही विचारावे लागते.

हातातला तुकडा सशाचाच आहे, घुशीचा किंवा साळिंदराचा नाही, हे आधी कसे ठरवायचे?

पुढचे पटाशीचे दात पाहा. घूस, उंदीर, खार, साळिंदर या कुरतडणाऱ्या प्राण्यांना वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकच जोडी असते. सशांना दोन. पहिली मोठी, समोरून उभी खाच असलेली, आणि तिच्या बरोब्बर मागे दोन बारीक खुंट्यांसारखे दात. ते बहुतेक वेळा गळून गेलेले असतात, पण त्यांची दोन छोटी भोके राहतात. भिंगाखाली ती दिसली की घूस आणि साळिंदर बाद. दात तुटलेला असेल तर त्याचा आडवा छेद पाहा. सशाच्या पटाशीच्या दाताला एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, चारी बाजूंनी असते, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या दाताला फक्त पुढून.

दुसरी खूण तर लहान मूलही ओळखेल. सशाच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीपुढची, नाकाच्या बाजूची भिंत भरीव नसते. ती जाळीदार असते, एखाद्या जुन्या वाड्याच्या झरोक्यासारखी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते हाड झिजलेय किंवा मुळ्यांनी खाल्लेय. तसे नाही, ते जिवंतपणीही असेच असते. या जाळीचा नखाएवढा तुकडा जरी चाळणीत आला तरी 'ससा-कुळ' एवढे निश्चित लिहिता येते.

दातांची एकूण संख्या २८. वर प्रत्येक बाजूला दोन पटाशीचे, तीन उपदाढा, तीन दाढा. खाली एक पटाशीचा, दोन उपदाढा, तीन दाढा. सुळे नाहीतच. हिमालयात काम करणाऱ्यांनी पायका या छोट्या नातेवाइकाची आठवण ठेवावी: त्याला वर एक दाढ कमी, म्हणजे एकूण २६ दात.

हेअर आणि रॅबिट वेगळे करायला एकच खूण सांगायची तर कोणती?

टाळू. कवटी उलटी धरा, दात तुमच्याकडे.

पटाशीच्या दातांमागे टाळूवर दोन लांबट फटी दिसतील. त्या मागे जिथे संपतात तिथून हाडाचा एक आडवा पूल सुरू होतो, उजव्या आणि डाव्या दाढांच्या रांगांना जोडणारा. हा पूल लगेच संपतो आणि मागे एक खोलगट वाट उघडते. श्वास नाकातून घशाकडे जातो ती ही वाट. आता व्हर्निअर कॅलिपरने दोन मापे घ्या. एक, पुलाची पुढून मागे लांबी, जिथे ती सर्वांत कमी आहे तिथे. दोन, मागच्या वाटेची रुंदी.

वाट पुलापेक्षा रुंद असेल तर हेअर. पूल वाटेपेक्षा लांब असेल तर रॅबिट.

मापे न घेताही सरावाने डोळ्यांना कळू लागते. हेअरचा टाळू म्हणजे मोठ्या दरवाजाला लावलेली बारीक आडवी पट्टी. रॅबिटचा म्हणजे रुंद पट्टी आणि तिच्यामागे अरुंद बोळ. लांबवर पळणाऱ्या हेअरला भरपूर हवा लागते म्हणून त्याची ही वाट मोठी, असे कारण दिले जाते आणि मला ते पटते. रॅबिटला बिळाच्या तोंडापर्यंत पोचले की पुरे.

एक सावधगिरी. या पुलाची मागची कड पातळ असते आणि सहज तुटते. कड ताजी तुटलेली असेल तर मातीचा रंग न लागलेला फिका भाग दिसतो. अशा वेळी पुलाची लांबी मुळात होती त्यापेक्षा कमी भरते आणि रॅबिट हेअर वाटू लागतो. मापाआधी कड तपासा.

टाळूच नसेल तर?

मग बाकीच्या खुणांवर जावे लागते, आणि एकीवर भिस्त न ठेवता दोन-तीन जुळवाव्या लागतात.

डोळ्याच्या वरचा पंख पाहा. दोन्ही प्राण्यांत कपाळाच्या हाडाला डोळ्यावर छत धरल्यासारखा एक पसरट भाग असतो. हेअरमध्ये तो रुंद, त्रिकोणी आणि ठसठशीत असतो. रॅबिटमध्ये चिंचोळा. अडचण एवढीच की हा भाग कागदासारखा पातळ. मातीच्या भाराखाली तो आधी मोडतो, आणि त्याचे तुकडे चाळणीतूनही निसटतात.

दुसरी खूण कवटीच्या मागच्या टोकाला, वरून. तिथे मधोमध इंटरपरायटल नावाचे छोटे हाड असते. प्रौढ रॅबिटमध्ये त्याच्या चारी बाजूंच्या शिवणी स्पष्ट दिसतात, आयुष्यभर. प्रौढ हेअरमध्ये ते शेजारच्या हाडांत मिसळून जाते आणि शिवण उरत नाही. कवटीचा पुढचा भाग पार गेलेला आणि मागची टोपी तेवढी शिल्लक, अशी वेळ नेहमी येते. तेव्हा हीच खूण कामी येते.

पण 'प्रौढ' या शब्दाखाली दोनदा रेघ मारा. लहान हेअरमध्येही हे हाड सुटे दिसते, आणि काही आठवड्यांच्या-महिन्यांच्या हेअरची कवटी मोठ्या रॅबिटएवढी असते. म्हणजे आकारही फसवतो आणि शिवणही. यातून वाट एकच: हाडाचा पोत. कोवळे हाड सच्छिद्र, खरखरीत, खडूसारखे लागते. कवटीच्या तळाच्या शिवणी उघड्या असतात. वाढ पूर्ण झालेले हाड गुळगुळीत आणि घट्ट. अंगठा फिरवून पाहा, फरक कळतो.

आकारावरून सरळ सांगता येत नाही का? हेअर मोठा, रॅबिट लहान.

रानटी प्राण्यांपुरते बऱ्याच अंशी खरे. रानटी रॅबिटची कवटी साधारण आठ सेंटीमीटरच्या आसपास, ब्राउन हेअरची दहाच्या आसपास. आपला भारतीय हेअर युरोपातल्या ब्राउन हेअरपेक्षा लहान, त्यामुळे त्याची कवटी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते.

पण पाळीव रॅबिट आले की हा हिशेब कोलमडतो. फ्लेमिश जायंटसारख्या जातीचा रॅबिट हेअरपेक्षाही मोठा असतो. मी स्वतः इथे चुकले आहे. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. अठराव्या शतकातल्या कचऱ्याच्या एका खड्ड्यातून कवटीचा पुढचा अर्धा भाग आला होता, चांगला थोराड. मी त्यावर 'हेअर' लिहिले, पेटी बंद केली, आणि त्या एका नोंदीवर 'घरच्यांना शिकारीचा हक्क असावा' असे एक वाक्यही अहवालाच्या मसुद्यात टाकले. इंग्लंडमध्ये त्या काळी शिकारीचा हक्क ठराविक जमीनदार वर्गालाच होता, त्यामुळे त्या वाक्याला वजन होते. तपासणाऱ्या बाईंनी कवटी फक्त उलटी केली. पूल लांब, वाट अरुंद. तो पाळीव रॅबिट होता, घरामागच्या खुराड्यातला. एका घराचा सामाजिक दर्जा मी केवळ टाळू न पाहिल्यामुळे वर नेऊन ठेवला होता. तेव्हापासून कवटी हातात आली की मी आधी उलटी करते.

सुटे दात आणि खालचा जबडा यांचे काय?

सुट्या दाढांवरून दोघे वेगळे करणे अवघड, आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. अपवाद खालच्या जबड्यातल्या पहिल्या उपदाढेचा. तिच्या चघळण्याच्या पृष्ठावर एनॅमलच्या घड्यांची नक्षी असते आणि जीवाश्मांचे अभ्यासक त्या नक्षीवरून वंश ठरवतात. सूक्ष्मदर्शक आणि तुलनेचे नमुने हवेत.

खालचा जबडा कवटीपेक्षा जास्त वेळा सापडतो, कारण तो जाड. पण त्यात निर्णायक खुणा कमी आणि आकाराचाच आधार जास्त. फ्रान्समधल्या सेसिल कालू यांनी १९९७ मध्ये रॅबिट आणि हेअरच्या सांगाड्यातल्या मुख्य हाडांची एकेक करून तुलना मांडली. युरोपातले बहुतेक अभ्यासक अजूनही तिचाच आधार घेतात. कवटी नसेल तर खांद्याचे पाते, दंडाचे हाड, नडगी यांकडे वळा. त्यांनी अनेकदा जबड्यापेक्षा चांगली साथ दिली आहे.

ब्रिटनमध्ये दोन प्रकारचे हेअर आहेत म्हणे. तेही कवटीवरून कळतात?

आहेत. माउंटन हेअर, लेपस टिमिडस, थंडीचा जुना रहिवासी. आयर्लंडचा मूळचा हेअर हाच, आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत आजही आहे. इंग्लंडमधल्या क्रेस्वेल क्रॅग्जच्या गुहांत हिमयुगाच्या अखेरच्या काळातली त्याची हाडे मिळाली आहेत, दगडी हत्याराने कापल्याच्या खुणांसह. दुसरा ब्राउन हेअर, लेपस युरोपियस, शेतांचा आणि कुरणांचा. तो माणसाने नंतर आणलेला.

भेद वरच्या पटाशीच्या दातात आहे. त्याचे मूळ कमानीसारखे मागे वळत जाते. माउंटन हेअरमध्ये ते वरच्या जबड्याच्या पुढच्या, प्रीमॅक्सिला या हाडाची हद्द ओलांडून मागच्या मॅक्सिला या हाडात शिरते. ब्राउन हेअरमध्ये ते प्रीमॅक्सिलाच्या आतच थांबते. दाताचा आडवा छेदही वेगळा: माउंटन हेअरचा जवळजवळ चौकोनी, ब्राउन हेअरचा रुंदीला जास्त. कवटी अखंड असेल तर एक्स-रे काढावा, फोडू नये.

रोमन थरात रॅबिटची कवटी सापडली. मोठा शोध लागला का?

लगेच कोणाला फोन करू नका. आधी जमिनीचा छेद पुन्हा पाहा.

रॅबिट बिळात राहतो आणि बिळातच मरतो. मऊ, भुसभुशीत माती त्याला आवडते, आणि जुने खड्डे, खंदक, मातीचे उंचवटे म्हणजे नेमकी तशीच माती. पन्नास वर्षांपूर्वी मेलेला रॅबिट दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरात अगदी सहज जाऊन बसतो. सांगाडा जवळपास पूर्ण आहे का? हाडांचा रंग त्याच थरातल्या इतर हाडांपेक्षा फिका, ताजा आहे का? आजूबाजूला वेगळ्या रंगाच्या मातीची गोल नळी दिसते का? यातले काहीही 'हो' असेल तर हाड नंतरचे समजा. हेअर खणत नसल्याने त्याच्या बाबतीत हा संशय बराच कमी.

तरीही कधीकधी शोध खरोखर लागतो. ससेक्समधल्या फिशबोर्न येथे रोमन राजवाड्याचे उत्खनन बॅरी कनलिफ यांनी १९६० च्या दशकात केले. तिथे १९६४ मध्ये मिळालेला सुमारे चार सेंटीमीटरचा हाडाचा तुकडा पेटीत पडून होता. २०१७ मध्ये फे वर्ली या हाडतज्ज्ञ बाईंनी पेटी उघडली आणि तो रॅबिटच्या नडगीचा असल्याचे ओळखले. जनुकीय तपासणीने ते पक्के झाले आणि रेडिओकार्बनने, म्हणजे हाडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीने, काळ इसवी सनाचे पहिले शतक निघाला. २०१९ मध्ये ही बातमी जाहीर झाली. तोवर ब्रिटनमध्ये रॅबिट मध्ययुगात, नॉर्मन लोकांनंतर आले असेच मानले जाई. त्या हाडावर कापल्याच्या खुणा नव्हत्या. रासायनिक तपासणीवरून तो प्राणी स्वतःच्याच लेंड्या खात बंदिस्त जागेत वाढला असावा, म्हणजे बहुधा हौसेने पाळलेला असावा, असे अभ्यासकांनी मांडले.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचे वाटते ते वर्ष नव्हे, पेटी. त्रेपन्न वर्षे तो तुकडा कुणाच्या तरी शेल्फवर होता. १९६४ मध्ये तो तुकडा कचरा म्हणून टाकून दिला असता तर २०१७ मध्ये ओळखायला काही उरलेच नसते. 'न ओळखलेले' अशी चिठ्ठी असलेली पिशवी कधीही फेकू नका.

रॅबिटची मोठी वाढ मात्र मध्ययुगातलीच. सरदार आणि मठ त्यांच्यासाठी मुद्दाम जागा राखत, उशीसारखे लांबट मातीचे उंचवटे करून देत, कारण थंड-ओल्या इंग्लंडमध्ये या उबदार देशच्या प्राण्याला आयते बीळ द्यावे लागे. असे उंचवटे अजून शेतांत दिसतात. प्रागैतिहासिक थडगी समजून ते पूर्वी खणलेही गेले आहेत.

पूर्ण हेअर पुरलेला सापडला, कापल्याची एकही खूण नाही. हे काय असू शकते?

दक्षिण इंग्लंडमधल्या लोहयुगीन स्थळांवर असे दफन माहीत आहेत. ऑक्सफर्डशायरमधले ब्लूबर्टन हिल आणि हॅम्पशायरमधले विनॉल डाउन ही दोन नावे लक्षात ठेवा. तिथल्या हेअरच्या आणि कोंबड्यांच्या हाडांचे रेडिओकार्बन मापन केल्यावर ब्राउन हेअर आणि कोंबडी ब्रिटनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकाच्या दरम्यान आल्याचे दिसले. नेओमी साइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०२० मध्ये मांडले. आल्या आल्या हे प्राणी अन्न नव्हते. त्यांना जपून पुरले जात होते.

ज्युलियस सीझरने तर लिहूनच ठेवले आहे की ब्रिटनचे लोक हेअर, कोंबडी आणि हंस खाणे निषिद्ध मानतात, पण हौसेसाठी पाळतात. पुढे रोमनांविरुद्ध उठाव करणाऱ्या ब्रिटनच्या राणी बुडिकाने लढाईआधी वस्त्राच्या ओच्यातून हेअर सोडून तो कोणत्या दिशेला पळतो यावरून शकुन पाहिला, असे कॅसियस डायो या इतिहासकाराने नोंदवले आहे. कवटी नीट ओळखली नसती, रॅबिट म्हणून किंवा 'अलीकडचा' म्हणून बाजूला टाकली असती, तर सीझरचे वाक्य ऐकीव गोष्ट म्हणूनच राहिले असते.

पोपच्या आज्ञेमुळे फ्रान्समधल्या भिक्षूंनी इसवी सन ६०० च्या सुमारास रॅबिट पाळायला सुरुवात केली, हे खरे का?

खरे नाही. पोप ग्रेगरीने रॅबिटची न जन्मलेली पिल्ले उपवासाला चालतात असे जाहीर केले, म्हणून भिक्षूंनी रॅबिट पाळले, ही कथा कित्येक शास्त्रीय लेखांतही छापली गेली. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी तिचा माग काढला तेव्हा अशी आज्ञाच नसल्याचे आढळले. मूळ मजकूर दुसऱ्याच ग्रेगरीचा, फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप असलेल्या ग्रेगरीचा. त्यात उपवासाच्या दिवसांत एका माणसाने रॅबिटची पिल्ले खाल्ल्याचा नुसता उल्लेख आहे. जनुकांवरूनही पाळीवपणाची अशी एक तारीख ठरत नाही.

कवट्यांवरूनही ठरत नाही. पाळीव रॅबिटच्या कवटीत ठळक बदल दिसतात ते फार उशिरा, हौशी जाती पैदा होऊ लागल्यावर. चार्ल्स डार्विनने रानटी आणि पाळीव रॅबिटच्या कवट्या मापून १८६८ मध्ये ती मापे प्रसिद्ध केली. शरीराच्या मानाने पाळीव रॅबिटचा मेंदू लहान झाल्याचे त्याने दाखवले, आणि लोंबत्या कानांच्या जातीत कानाचे छिद्रसुद्धा बदलल्याचे नोंदवले. तेव्हा मध्ययुगीन कवटी हाती घेऊन 'ही पाळीव' असे हाडाच्या आकारावरून ठामपणे म्हणू नका. संदर्भ काय सांगतो ते पाहा.

माणसाने खाल्ला की घुबडाने, कोल्ह्याने, हे कळते का?

बऱ्याचदा कळते. सशाएवढा प्राणी माणसाइतकाच गरुड-घुबडाला आणि कोल्ह्यालाही आवडतो. पोटातून गेलेल्या दातांचे एनॅमल आम्लाने झिजून मंद होते, हाडांच्या कडा गोलसर होतात. माणसाने सोललेल्या कवटीवर नाकाभोवती किंवा कानाच्या बुडाशी बारीक समांतर रेघा दिसतात. सोललेल्या कातड्याबरोबर पंजेही जात, म्हणून एकाच खड्ड्यात नुसते पंजेच पंजे मिळाले तर कातडेवाल्याचा विचार करा. रॅबिट-हेअरच्या केसांपासून टोप्यांचे फेल्ट, म्हणजे केस दाबून केलेले जाड कापड, बनत असे. भाजलेल्या सशाच्या कवटीत पटाशीच्या दातांची टोकेच काय ती काळी पडतात, कारण बाकीचे हाड मांसाने झाकलेले असते. मी अशी एकच पाहिली आहे आणि विसरले नाही.

महाराष्ट्रातल्या उत्खननात ससा सापडला तर?

इनामगाव, नेवासे, दायमाबाद यांसारख्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांच्या थरात ससा भेटला तर हेअर की रॅबिट हा प्रश्नच उद्भवत नाही. तो लेपस नायग्रिकोलिसच. तिथे खरा गोंधळ होतो तो मुंगूस, रानमांजर, घूस आणि शेळीचे नुकते जन्मलेले करडू यांच्याशी, विशेषतः कवटी नसून पायांची हाडे असतील तेव्हा. आणि आपल्याकडे घुशी थर उकरतात हेही विसरू नका. इंग्लंडमध्ये जो उपद्रव रॅबिट करतो तो इथे घूस करते, आणि तिच्या बिळातून वरचे हाड खाली जाते.

वरच्या, विस्कटलेल्या थरात मात्र टाळू पाहाच. गेल्या काही दशकांत पाळीव रॅबिट गावोगावी आले आहेत आणि मेलेला प्राणी लोक अंगणातच पुरतात. आसाम-नेपाळच्या तराईत काम करत असाल तर गवताळ भागातल्या हिस्पिड हेअरचाही विचार करा. नावात हेअर असले तरी तो लेपस वंशातला नाही.

तुलनेसाठी कवटी कुठून मिळवायची?

रस्त्यावर गाडीखाली मेलेला रानससा उचलून घरी आणू नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. वन विभागाची रीतसर परवानगी लागते. त्यापेक्षा पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागासारख्या ठिकाणी विचारून, वेळ ठरवून जा. पाळीव रॅबिटची कवटी मिळवणे सोपे. ती आधी नीट पाहा: प्रत्येक शिवण हाताखालून जाऊ द्या, टाळू दहा वेळा मोजा. एक प्राणी पाठ झाला की दुसरा वेगळा दिसू लागतो.

नमुना स्वच्छ करताना उकळत्या पाण्यात टाकू नका, जाळीदार भाग सुटतो. कोमट पाण्यात कुजवा, पाणी बदलत राहा. आणि ब्लीच तर नकोच, हाड भुसभुशीत होते. पाणी ओतून देण्याआधी बारीक चाळणीतून गाळा, त्या दोन खुंटीवजा दातांसाठी.

डीएनए आणि प्रथिनांच्या तपासण्या आल्यावर हे सगळे शिकायचे कशाला?

तपासणीसाठी हाड थोडे तरी खर्ची पडते, पैसे लागतात, आणि उष्ण प्रदेशातल्या हाडांत डीएनए टिकत नाही असे अनेकदा घडते. हजारो तुकड्यांतून कोणता पाठवायचा हे शेवटी डोळाच ठरवतो. फिशबोर्नच्या बाबतीतही आधी वर्लींच्या नजरेला तो तुकडा खटकला, प्रयोगशाळा नंतर आली.

अहवालात नेमके काय लिहावे?

कोणत्या खुणेवरून ओळखले ते लिहा. 'हेअर' एवढेच नको. 'हेअर, टाळूच्या मापांवरून, प्रौढ, डावी बाजू शिल्लक' असे. मापे मिलिमीटरमध्ये द्या. फोटो खालून, वरून आणि बाजूने, तिन्हींत मोजपट्टी. खुणा अपुऱ्या असतील तर 'ससा-कुळ, वंश अनिश्चित' लिहा आणि त्यात कमीपणा मानू नका. पुढच्या माणसाला पेटी पुन्हा उघडायची असते. पिशवीत शाईची चिठ्ठी घालू नका, ओलाव्याने अक्षर जाते. पेन्सिलीने लिहा, आणि कवटी वेगळ्या डबीत, टाळू वर करून ठेवा.